पहिल्या गोळीचं अंतर

पत्र थोडक्यात असं आहे:

«दोन हंगामांपूर्वी शिकारीचा परवाना काढला. .३०८ मापाच्या काडतुसाची रायफल आहे. रेंजवर बाकावर बसून १०० मीटरवर मारलेल्या माझ्या तीन गोळ्या चार सेंटिमीटरच्या आत पडतात. गेल्या हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी २८० मीटरवर हरणाचा एक मोठ्या शिंगांचा नर उभा राहिला. रायफल लावली, पण दुर्बिणीतली फुली काही केल्या त्याच्या खांद्यामागे ठरेना. मी चाप ओढला नाही. बरोबरचे लोक हसले. मेहुणे म्हणाले, ‘ही रायफल पाचशे मीटर मारते, तूच कमी पडलास.’ तेव्हापासून डोक्यात एकच आहे, माझी मर्यादा नक्की किती धरावी आणि ती ठरवायची कशी? पुढच्या हंगामाला पाच महिने आहेत.»

पत्र वाचून संपवलं आणि आधी बरं वाटलं. फुली ठरत नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर तुम्ही थांबलात. वर्षानुवर्षं शिकार करणाऱ्या कित्येकांना यातलं दुसरं जमत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळबद्दल मनात काही सल असेल तर तो काढून टाका. त्या नरावर तुम्ही अन्याय केला नाहीत, स्वतःवरही नाही.

आता मेहुण्यांच्या वाक्याबद्दल. रायफल पाचशे मीटर मारते हे खरंच आहे. तिची गोळी त्याच्याही कितीतरी पुढे जाते. पण गोळी पोचली म्हणून जनावर पडत नाही, वर्मी लागली तर पडतं. हरणाचं वर्म म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, पुढच्या पायाच्या लगेच मागची छातीची जागा. मध्यम आकाराच्या हरणात ती साधारण २० सेंटिमीटर व्यासाची धरतात. एल्क किंवा मूससारख्या थोराड जनावरात ती बरीच मोठी असते, लहान जातीच्या हरणात १५ सेंटिमीटरच. म्हणजे तुमच्यासाठी सगळा खेळ वीतभर जागेचा आहे. त्या जागेच्या मागे वीतभर सरकलात की पोट, खाली सरकलात की पाय. दोन्हीकडे जनावर मेलं तरी लगेच मरत नाही, आणि बऱ्याचदा तुम्हाला सापडतही नाही.

म्हणून ‘मी किती लांबून मारू शकतो?’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. कधीतरी, शांत हवेत, चौथ्या-पाचव्या प्रयत्नात तुम्ही चारशे मीटरवरही वीतभर जागा गाठाल. त्याला काही अर्थ नाही. विचारायचं ते असं: कुठपर्यंत माझी पहिली गोळी, थंड नळीतून सुटलेली, रानात मिळेल त्या बैठकीतून मारलेली, त्या वीतभर जागेबाहेर जात नाही? तो आकडा म्हणजे तुमची मर्यादा. तो रायफलच्या जाहिरातीत नसतो, मेहुण्यांच्या अनुभवात नसतो आणि माझ्याकडेही नाही. तुम्हालाच काढावा लागेल. कसा काढायचा ते सांगतो.

आधी त्या चार सेंटिमीटरांकडे बघू. बाक, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, खुर्ची, वेळेची घाई नाही. अशा वेळी जे ग्रुपिंग, म्हणजे कागदावर गोळ्या पडल्याचा जो घेर, मिळतं ते रायफलीचं आणि काडतुसांचं असतं. त्यात तुमचा वाटा कमी. शिवाय तीन गोळ्यांचं ग्रुपिंग माणसाला फसवतं. त्याच रायफलीतून, त्याच बाकावरून दहा गोळ्या एकाच कागदावर मारा. घेर जवळजवळ नक्की वाढलेला दिसेल, कारण तीन गोळ्यांना पसरायला संधीच मिळालेली नसते. समजा तो सहा सेंटिमीटर भरला. अंतर वाढेल तसा तो वाढत जातो, ३०० मीटरवर निदान १८ सेंटिमीटर. हरणाचं वर्म २० सेंटिमीटरचं. म्हणजे बाकावर बसून, वारा शून्य धरून, अंतर अचूक माहीत असतानाही तुमची रायफल तीनशे मीटरवर ती जवळजवळ पूर्ण जागा खाऊन टाकते. तुमच्या हातासाठी, श्वासासाठी, वाऱ्यासाठी तिथे जागा उरलेली नाही. आणि अजून तुम्ही बाकावरून उठलेलाही नाहीत.

आता उठा. बाकाला महिनाभर शिवू नका.

वीस सेंटिमीटर व्यासाच्या कागदी ताटल्या घ्या, अगदी साध्या, मधे ठिपका नसलेल्या. हरणाच्या अंगावर ठिपका नसतो, आणि बिनठिपक्याच्या गोलाचा मध्य डोळ्यानं धरायची सवय लागायला वेळ लागतो. १०० मीटरवर ताटली लावा. गाडीतून रायफल काढा, तीस-चाळीस मीटर पळत या, छाती धपापत असतानाच जमिनीवर पालथे व्हा, पाठीवरची सॅक काढून तिच्यावर रायफल टेकवा आणि वीस सेकंदांच्या आत एक गोळी मारा. एकच. मग रायफल बाजूला ठेवा. कुठे लागली ते वहीत लिहा: तारीख, अंतर, बैठक, वारा, ताटलीत की बाहेर, आणि मध्यापासून किती सेंटिमीटर, कुठल्या बाजूला. नळी पूर्ण थंड होऊ द्या. अर्ध्या तासानं दुसरी, या वेळी बसून, कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवून. मग काठ्यांच्या तिकाटीवर, मग गुडघ्यावर, मग उभ्यानं. दिवसभरात सहा-सात गोळ्यांच्या वर जाऊ नका.

हे कंटाळवाणं आहे, कबूल. रेंजवर जाऊन पन्नास काडतुसं उडवण्यात जी मजा आहे ती यात नाही. पण रानात तुम्हाला पन्नास मिळत नाहीत. पहिलीच मिळते, तीही थंड नळीतून, आणि बऱ्याच रायफलींत थंड नळीची पहिली गोळी तापलेल्या नळीच्या गोळ्यांपेक्षा जराशी वेगळीकडे जाते. स्वच्छ पुसलेल्या नळीची तर आणखीच. ती कुठे जाते ते तुम्हाला पाठ असायला हवं, आणि ते अशा एकेका गोळीनंच कळतं.

एका बैठकीतून १०० मीटरवर सलग दहाच्या दहा ताटलीत गेल्या की २५ मीटर मागे सरका. जिथे दहातली एक बाहेर गेली तिथे थांबा आणि एक पायरी पुढे या. तिथेच त्या बैठकीची तुमची हद्द. मात्र इथे एक हिशेब समजून घ्या, कारण तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दहातल्या दहा लागल्या म्हणजे तुम्ही कधीच चुकत नाही असं नव्हे. दर चार गोळ्यांत एक चुकवणाऱ्या माणसालाही शंभरातून पाच-सहा वेळा सलग दहा लागून जातात, निव्वळ योगायोगानं. तीसच्या तीस लागल्या तरी दहात एक चुकण्याची शक्यता जेमतेम बाजूला पडते. म्हणून एका चांगल्या रविवारवर विसंबू नका. पाच महिन्यांत त्याच अंतरावर पुन्हा पुन्हा या, वाऱ्याच्या दिवशी या, दमलेले असाल तेव्हा या, संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागल्यावर या. वहीत तीस-चाळीस नोंदी जमल्या की आकडा आपोआप दिसायला लागतो. तो तुमच्या अंदाजापेक्षा कमी निघेल. सगळ्यांचाच निघतो.

माझे सांगतो, तुलनेसाठी नव्हे, बैठकीनं केवढा फरक पडतो ते दिसावं म्हणून. उभ्यानं, काही आधार नसताना, ६० मीटर. गुडघ्यावर १००. बसून, तिकाटीवर रायफल टेकवून, १८०. पालथं पडून सॅकवर, मागे दस्त्याखाली मूठ किंवा छोटी पिशवी देऊन, २६०. चार वेगळे आकडे आहेत, आणि रानात उभं राहिल्यावर मी स्वतःला आधी विचारतो की इथे मला कुठली बैठक मिळतेय. गवत कमरेएवढं असेल तर पालथं पडून काही दिसत नाही, मग २६० विसरायचे. त्या दिवशी तुम्ही कसे बसला होतात, उभे होतात की झाडाच्या बुंध्याला टेकला होतात, हे पत्रात नाही. पण फुली ठरत नव्हती याचा अर्थ जी काही बैठक होती तिची हद्द २८० च्या बरीच अलीकडे होती. रायफल तुम्हाला तेच सांगत होती.

हा खटाटोप जास्त वाटत असेल तर एक गोष्ट बघा. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीला जाण्याआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवर रेनडिअरची आकृती, पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. त्याच्या आधी सरावाच्या निदान तीस गोळ्या मारलेल्या असाव्या लागतात. फिनलंडमध्ये ७५ मीटरवर चार गोळ्या, ९० सेकंदांत, चारही २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात. अस्वलासाठी ते वर्तुळ १७ सेंटिमीटरचं होतं. ज्या देशांत मूसची शिकार घरोघरच्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे, तिथे परीक्षेचं अंतर ७५ आणि १०० मीटर आहे, हे मला फार बोलकं वाटतं. आणि चारपैकी तीन चालत नाहीत, चारही लागतात.

इथवर तुमच्या हाताचं झालं. आता ज्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत त्यांच्याकडे वळू, कारण २५० मीटरच्या पुढे खरं राज्य त्यांचंच असतं.

तुमच्या .३०८ ची १६५ ते १६८ ग्रेन वजनाची, म्हणजे साधारण ११ ग्रॅमची, नेहमीची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघते. रायफल १०० मीटरवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर फुलीवर लागेल अशी जुळवलेली असेल तर २०० मीटरवर ती दहा-बारा सेंटिमीटर खाली जाते, ३०० वर चाळीस-पंचेचाळीस, ४०० वर जवळजवळ मीटरभर. बघा, ३५० आणि ४०० या दोन अंतरांमध्येच तीसेक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे चारशेवरच्या जनावराला साडेतीनशेवर समजलात, की गोळी छातीखालून जाते किंवा पाय मोडते. लेझर रेंजफाइंडरनं हा प्रश्न पुष्कळ सोपा केलाय, आणि तुमच्याकडे नसेल तर नवीन दुर्बिणीआधी तोच घ्या. पण त्याचा किरण कधी जनावराच्या पुढच्या झुडपावर आदळतो, कधी मागच्या उतारावर. दोन-तीनदा मोजा, आकडे जुळत नसतील तर त्या मोजमापावर गोळी मारू नका. तीव्र चढावर किंवा उतारावर मोजताना आडवं अंतर धरायचं असतं. ३० अंशांच्या उतारावर तिरकस ३५० मीटर भरले तरी गोळी पडते ती ३०० मीटरच्या हिशेबानं.

तुमच्यासारख्या नव्या माणसाला मी एक सोपी सोय सुचवतो. रायफल १०० मीटरवर साधारण पाच सेंटिमीटर वर लागेल अशी झीरो करा. मग ती १८० मीटरच्या आसपास बरोबर मध्यावर येते आणि २३० मीटरपर्यंत मध्यापासून दहा सेंटिमीटरच्या खाली जात नाही. म्हणजे तेवढ्या अंतरात नेम वर-खाली धरायची, दुर्बिणीवर काही फिरवायची गरज नाही, छातीच्या मधोमध फुली ठेवायची. तुमच्या काडतुसाचा तक्ता बघून आणि प्रत्यक्ष मारून हे एकदा पडताळून घ्या. माझ्या मते पुढचे दोन-तीन हंगाम तुमचा वरचा आकडा याच्या पुढे जाऊच नये, ताटल्या काहीही सांगोत.

पडणं निदान मोजता येतं. वारा मोजता येत नाही. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या सतत हलत ठेवणारा, ही गोळी १०० मीटरवर दोन सेंटिमीटर सरकवतो. तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०० वर आठ-नऊ सेंटिमीटर. ३०० वर वीस. ४०० वर पस्तीसच्या वर. तीनशेवर वाऱ्याचा अंदाज निम्म्यानं चुकला, पंधराच्या जागी सात-आठ वाटला, तर दहा सेंटिमीटर गेले, म्हणजे ताटलीच्या मध्यापासून थेट काठावर. आणि तुमच्या गालाला लागणारा वारा हा फक्त तुमच्या गालापाशी असतो. मधल्या नाळेत तो उलट वाहत असू शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दरीच्या पलीकडच्या उतारावर एक मादी आडवी उभी होती, मोजून ३२० मीटर. रेंजवर तीनशेवर मी त्या उन्हाळ्यात एकही ताटली सोडली नव्हती, बाकावरून. माझ्याकडे वारा अगदी मंद होता. पालथा पडलो, सॅक पुढे घेतली, नेम चांगला धरला, चाप चांगला सुटला. गोळीचा आवाज परत आला तो टणक नव्हता, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा थप्प असा होता. मादीनं पाठ कमानीसारखी वर घेतली, दोन पावलं चालली, आणि पाठ तशीच वाकवून झाडीत शिरली. त्या चालीचा अर्थ मला कळला होता. तरी मी स्वतःला सांगत राहिलो की लागलं असेल बरोबर.

दरी उतरून पलीकडे चढायला पन्नास मिनिटं लागली. वर गेल्यावर ती कुठे उभी होती तेच कळेना. अलीकडून एकच वाटलेलं झुडूप पलीकडे गेल्यावर चाळीस झुडपं झालेलं होतं. शेवटी एका दगडाच्या कडेला केस सापडले, राखाडी आणि जाडसर, आणि गवताच्या पात्याच्या शेंड्यावर नखाएवढा डाग. बोटावर घेतला. लाल नव्हता, तपकिरी-हिरवट होता, त्यात चावलेल्या गवताचा कण होता. वास पोटाचा. फुप्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, यकृताचं गडद. हे दोन्ही नव्हतं. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं, सहा-आठ तास थांबायचं असतं, नाहीतर ते उठून मैलोन्‌मैल जातं. अंधार पडत होता. थांबलो. रात्रभर झोप नाही. सकाळी साडेनऊला ती सापडली, नाल्याच्या काठाशी, ओल्या मातीत. जिवंत होती. मला बघून तिनं मान उचलली, उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय हलले नाहीत. दुसरी गोळी मी वीस पावलांवरून मारली.

तिनं सोळा तास काढले होते. मी नंतर कित्येकदा त्या दरीच्या वरच्या टोकाला जाऊन बसलोय. दुपारनंतर मधल्या नाळेतून वारा सणसणत वर येतो. माझ्या जागी पान हलत नसताना दरीच्या मध्यावर घारी तिरक्या होऊन तरंगतात. त्या दिवशीही घारी होत्याच. मी वर बघितलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: घरी ठरवलेला आकडा रानात फक्त कमी होतो, वाढत कधीच नाही. वारा असेल तर कमी. धाप लागली असेल तर कमी. हात गारठले असतील, संध्याकाळ होत असेल, जनावर चरत पुढे सरकत असेल, तर कमी. या शेवटच्या गोष्टीकडे लोक फारच दुर्लक्ष करतात. चारशे मीटर जायला तुमच्या गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चालणारं हरीण तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. उभं असलेलं हरीणही गवताच्या पुढच्या जुडीसाठी एक पाऊल टाकतं, आणि ते नेमकं गोळी वाटेत असताना टाकलं, तर तुमचा निर्दोष नेम पोटात जातो. यात तुमची काही चूक नसते. अंतर तेवढं ठेवणं मात्र तुमच्याच हातात असतं.

आणि जनावर मिळालं नाही म्हणून, शेवटचा दिवस आहे म्हणून, शिंगं मोठी आहेत म्हणून आकडा वाढवायचा नाही. मोठ्या शिंगांच्या नराचं वर्म मोठ्या शिंगांमुळे मोठं होत नाही. आकडा आधी का ठरवायचा, तर त्या क्षणी आपलं डोकं आपल्या ताब्यात नसतं म्हणून. काळजाचे ठोके कानात ऐकू येत असताना केलेला हिशेब नेहमी ‘मार’ असाच निघतो. मी आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्यावर, गाल टेकतो त्याच्या जरा पुढे, लावतो. रायफल उचलली की ते दिसतात.

गोळीच्या ताकदीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मेहुणे पाचशे म्हणतात म्हणून दोन वाक्यं. शिकारीची गोळी शरीरात गेल्यावर फुलावी अशी बनवलेली असते, आणि फुलायला तिला वेग लागतो. पुष्कळ गोळ्यांना सेकंदाला साधारण ५५० मीटर, पूर्ण तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना ६०० च्या आसपास. तुमची .३०८ चारशे मीटरवर पोचते तेव्हा तिचा वेग याच पट्ट्यात आलेला असतो. पाचशेवर ती वर्मी लागली तरी सुईसारखी आरपार जाण्याची भीती आहे. तुमच्या काडतुसाचा किमान वेग बनवणाऱ्यांच्या माहितीत दिलेला असतो, तो बघून घ्या. तुमच्यासाठी मात्र ही भिंत फार लांबची आहे, वारा आणि हात तुम्हाला तिच्या खूप आधी थांबवतील.

आता तो नर. २८० मीटरवर, संध्याकाळी, उभा. चाप न ओढणं बरोबर होतं, पण मला वाटतं त्या क्षणी तुमच्यासमोर आणखी एक वाट होती: जवळ जाणं. नव्या शिकाऱ्याला मारावं की सोडावं एवढंच दिसतं, कारण सगळे जण त्याच्या खांद्यावरून बघत असतात. पण २८० मीटरचे १८० करणं हीच तर शिकार. वारा तुमच्या तोंडावर येतोय का ते बघायचं, ओढ्याची घळ धरायची, बरोबरच्यांना जागेवर बसवून एकट्यानं जायचं. जनावर मान खाली घालून चरत असताना पुढे सरकायचं, मान वर आली की दगड व्हायचं. निम्म्या वेळा ते निसटेल. निसटू दे. पायाखालची काटकी मोडून निसटलेला नर दुसऱ्या दिवशी धडधाकट असतो. सरपटत शंभर मीटर जवळ जायला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात त्या जनावराबद्दल जे कळतं ते दुर्बिणीतून वर्षभर बघून कळत नाही.

लांबून मारण्याचं कौतुक हल्ली फार वाढलंय. ठिपक्याएवढं जनावर, सहाशे, सातशे, आठशे मीटर, आणि गोळी लागल्यावर टाळ्या. चुकलेल्या गोळ्या कोणी दाखवत नाही. अमेरिकेत १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकारानं स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब आहे. आपली हत्यारं आणि आपला नेम किती लांब पोचतो हे जिवंत जनावरावर अजमावणं म्हणजे शिकार नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे. मला ती मनापासून पटते. लांबचा नेम ही सुंदर विद्या आहे आणि तुम्हाला तिची ओढ असेल तर अवश्य शिका, लोखंडी पाट्यांवर, सहाशे काय हजार मीटरवर. वारा वाचायला त्यानं शिकाल, आणि दोनशेवरचा नेम त्यानं दगडासारखा होईल. पाटीला पोट नसतं.

मेहुण्यांशी वाद घालू नका. त्यांना रेंजवर घेऊन जा. पळत यायचं, पालथं व्हायचं, वीस सेकंद, थंड नळी, एकच गोळी, बिनठिपक्याची ताटली, २८० मीटर. तुम्हीही मारा, त्यांनाही मारू द्या, पाच वेगवेगळ्या दिवशी. दोघांच्या गोळ्या एकाच वहीत लिहा. ते जर पाचही लावत असतील तर त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, त्यांच्याजवळ बसा आणि शिका. नाही लावल्या, तर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

तुमच्या पत्रावरून अंदाज बांधायचा तर, पाच महिन्यांच्या शेवटी तुम्ही पालथं पडून १८० ते २०० च्या आसपास याल, बसून तिकाटीवर १३०-१४०, उभ्यानं ५०. माझा अंदाज चुकला तर वही खरी. तेव्हा पुन्हा लिहा आणि आकडे कळवा, वारा कसा होता तेही. एवढ्यात दोन कामं करा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं रिकाम्या रायफलीनं चाप ओढायचा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रायफलीत काडतूस बसतं ती जागा दोनदा उघडून, रिकामी आहे हे बघून, भिंतीवरच्या एका खुणेवर. चाप सुटताना फुली हलली का एवढंच बघायचं. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाताना बाकाकडे न वळता १०० मीटरवर एक ताटली लावा. पळत या. एक गोळी मारा. ती लिहून ठेवा.